सांध्याचे तापमान आणि एका गुणांकाची मर्यादा : चॅलेंजर प्रकरणाचा अभ्यास

२८ जानेवारी १९८६ रोजी सकाळी ११ वाजून ३८ मिनिटांनी फ्लोरिडातील केनेडी अंतराळ केंद्रावरून नासाच्या चॅलेंजर या स्पेस शटल यानाने उड्डाण केले आणि ७३ सेकंदांनी हवेतच त्याचे तुकडे झाले. यानातील सातही जण मृत्युमुखी पडले. नंतर तपासलेल्या चित्रफितींत असे आढळले की उड्डाणाच्या ०.६७८व्या सेकंदालाच उजव्या बूस्टरच्या (यानाला वर रेटणाऱ्या रॉकेटच्या) सर्वांत खालच्या सांध्यातून काळ्या धुराचा झोत बाहेर पडला होता. तो थोड्याच वेळात थांबला. जळालेल्या इंधनातील ॲल्युमिनियम ऑक्साइडने फट तात्पुरती बुजली असावी असे मानले जाते. पण ५९व्या सेकंदाच्या सुमारास त्याच जागी ज्वाला दिसू लागली आणि पुढे जे घडले ते सर्वज्ञात आहे.

या दुर्घटनेकडे बहुधा व्यवस्थापनाचे अपयश म्हणून पाहिले जाते आणि ते योग्यच आहे. प्रस्तुत लेखाचा प्रश्न मात्र अधिक मर्यादित आहे. उड्डाणाच्या आदल्या रात्री अभियंत्यांच्या हाती जे आकडे होते, त्यांत तापमान आणि सांध्याचा बिघाड यांचा सहसंबंध गुणांक (दोन गोष्टी किती प्रमाणात एकत्र बदलतात हे उणे १ ते अधिक १ यांमध्ये सांगणारा आकडा) काढला असता तर तो काय सांगू शकला असता, आणि काय कधीच सांगू शकला नसता? विश्वासार्हतेच्या विश्लेषणात हा गुणांक आजही मोठ्या सहजतेने वापरला जातो. त्याची ताकद आणि त्याचे आंधळेपण ही दोन्ही या एका प्रकरणात इतक्या स्पष्टपणे दिसतात की स्वतः आकडेमोड करून पाहण्याला दुसरा पर्याय नाही असे मला वाटते.

सांधा आणि त्याच्या नोंदी

शटलचे घन इंधनाचे बूस्टर युटा राज्यात तुकड्यांनी बनत आणि ते तुकडे फ्लोरिडात आणून एकमेकांना जोडले जात. प्रक्षेपणस्थळी जोडले जाणारे असे तीन सांधे प्रत्येक बूस्टरमध्ये होते, म्हणजे एका उड्डाणात सहा. सांधा गळू नये म्हणून प्रत्येक सांध्यात व्हायटन या कृत्रिम रबराच्या दोन ओ-रिंग (गोल कड्या) एकामागे एक बसवलेल्या असत : एक प्राथमिक आणि एक दुय्यम. प्रज्वलनाच्या क्षणी आतील दाबाने बूस्टरचे कवच किंचित फुगते, सांध्याचे दोन भाग एकमेकांपासून अंशतः दूर सरकतात आणि रिंग ज्या खाचेत दाबून बसलेली असते तेथील फट वाढते. रिंगने पहिल्या अर्ध्या-पाऊण सेकंदात पुन्हा फुगून त्या फटीचा पाठलाग केला तरच सांधा बंद राहतो. सगळा प्रश्न त्या फुगण्याच्या वेगाचा आहे.

बूस्टर समुद्रातून परत आणून उघडले की रिंगांची तपासणी होत असे. दोन प्रकारच्या खुणा सापडत. गरम वायूने रिंगचा काही भाग खाल्लेला असे, ती झीज. किंवा रिंग बंद होण्यापूर्वीच वायू तिच्या पलीकडे निसटून काजळी मागे ठेवून गेलेला असे, ती वायूगळती. चॅलेंजरच्या या उड्डाणापूर्वी शटलची २४ उड्डाणे झाली होती. त्यांपैकी चौथ्या उड्डाणाचे बूस्टर समुद्रात बुडाल्यामुळे २३ उड्डाणांच्या नोंदी उपलब्ध होत्या. त्या २३ पैकी सात उड्डाणांत यांपैकी एखादी खूण सापडली होती. त्या सात उड्डाणांच्या वेळचे सांध्याचे तापमान फॅरनहाइटमध्ये असे होते : ५३, ५७, ५८, ६३, ७०, ७० आणि ७५ अंश. (पुढे सर्वत्र अंश म्हणजे फॅरनहाइट, ५३ अंश म्हणजे सुमारे १२ अंश सेल्सिअस.) उरलेल्या १६ निर्दोष उड्डाणांची तापमाने ६६ ते ८१ अंशांच्या दरम्यान होती.

२७ जानेवारीच्या रात्री मॉर्टन थायोकॉल ही बूस्टर बनवणारी कंपनी आणि नासाची मार्शल व केनेडी केंद्रे यांच्यात दूरध्वनीवरून बैठक झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी सांध्याचे तापमान ३० अंशांच्या आसपास असेल असा अंदाज होता. कंपनीच्या अभियंत्यांची पहिली शिफारस ५३ अंशांखाली उड्डाण करू नये अशी होती, कारण आजवरचा सर्वांत थंड अनुभव तेवढाच होता. त्यावर जो आक्षेप आला तो मूलतः सहसंबंधाचा आक्षेप होता, जरी त्या रात्रीच्या तक्त्यांत असा कोणताही गुणांक नव्हता. ५३ अंशांना वायूगळती झाली हे खरे, पण ७५ अंशांनाही झाली. मग तापमानाचा संबंध कुठे आहे? कंपनीने मधे थोडा वेळ घेतला, अंतर्गत चर्चा केली आणि शिफारस मागे घेतली. कंपनीच्या रॉजर बॉइजॉली या अभियंत्याने नंतर चौकशी आयोगापुढे सांगितले की आपली चिंता आकड्यांत मांडून दाखवा असे त्याला विचारले गेले आणि ते त्याला करता आले नाही. थंडीकडे जाणे म्हणजे चांगल्यापासून दूर जाणे आहे, एवढेच तो म्हणू शकला.

सात नोंदींचा गुणांक

ही चर्चा प्रामुख्याने खुणा सापडलेल्या उड्डाणांभोवती फिरली. बिघाड झालाच नाही ती उड्डाणे बिघाडाच्या अभ्यासात कशाला घ्यायची, असा विचार वरकरणी स्वाभाविक वाटतो. पण अशा सात नोंदींवर सहसंबंध काढायला गेले की काय होते ते पाहा. बिघाड झाला की नाही हा प्रश्न असेल तर सातही उड्डाणांचे उत्तर "झाला" असेच आहे. दुसरा चल बदलतच नाही, त्यामुळे गुणांकाच्या सूत्रात छेद शून्य होतो आणि गुणांक अस्तित्वातच येत नाही. मग त्याऐवजी प्रत्येक उड्डाणातील बाधित रिंगांची संख्या घ्यावी लागते. ५३ अंशांच्या उड्डाणात दोन रिंग बाधित धरल्या तर तापमान आणि संख्या यांचा गुणांक अधिक ०.०२ येतो, म्हणजे जवळजवळ शून्य. त्याच उड्डाणात जिला केवळ उष्णतेची झळ लागली होती ती दुय्यम रिंगही मोजून संख्या तीन केली, तर गुणांक उणे ०.२६ होतो. एका नोंदीतील एका अंकाने निष्कर्षाची दिशा बदलते. असा आकडा उड्डाणाच्या बाजूने किंवा विरोधात पुरावा म्हणून मांडणे हा संख्येचा गैरवापरच ठरला असता.

दुर्घटनेनंतर नेमलेल्या रॉजर्स आयोगाने जून १९८६ च्या अहवालात नेमके याच जागी बोट ठेवले. फक्त बाधित उड्डाणे पाहिली तर ५३ ते ७५ अंशांच्या पट्ट्यात काहीच वावगे दिसत नाही. निर्दोष उड्डाणेही मांडली की चित्र पालटते : ६६ अंश किंवा त्याहून अधिक तापमानाच्या २० उड्डाणांपैकी तीनच बाधित, तर ६३ अंश किंवा त्याखालील चारही उड्डाणे बाधित. (आयोगाने नोंदी नसलेले चौथे उड्डाणही निर्दोषांत धरले होते.) विश्वासार्हतेच्या शास्त्रात निर्दोष चाललेला भाग हाही तितकाच मोलाचा पुरावा असतो. ज्यांचे आयुष्य संपले नाही अशा नमुन्यांना वगळले की आयुष्याचा अंदाज चुकतो, हे त्या शास्त्रातले प्राथमिक ज्ञान आहे. ते या रात्री बैठकीत कुणाच्या हाताशी नव्हते, हे मला या प्रकरणातले सर्वांत दुःखद सत्य वाटते, कारण त्या १६ उड्डाणांच्या नोंदी कंपनीकडे आणि नासाकडे आधीपासून होत्या.

तेवीस नोंदींचा गुणांक

आता सर्व २३ उड्डाणे घेऊ. बाधित असेल तर १ आणि नसेल तर ० असे लिहिले, तर तापमानाशी सहसंबंध गुणांक उणे ०.५६ येतो. नेहमीच्या पुस्तकी वर्गवारीत याला "मध्यम" म्हणतात. त्याचा वर्ग ०.३१, म्हणून कोणी असेही म्हणेल की बिघाडातील ३१ टक्के फरक तापमानाने स्पष्ट होतो आणि उरलेला ६९ टक्के दुसऱ्या कशाने. नेहमीच्या पद्धतीने ९५ टक्के खात्रीची मर्यादा काढली तर ती उणे ०.१९ पासून उणे ०.७९ पर्यंत पसरते. पहिले टोक "संबंध क्षीण आहे" असे म्हणू देते, दुसरे "संबंध प्रबळ आहे" असे. एकाच आकड्यातून दोन्ही पक्षांना आपापले म्हणणे काढता येते.

पण यात एक खोलवरचा दोष आहे. शून्य आणि एक अशा दोनच किमती घेणाऱ्या चलाचा सलग चलाशी गुणांक उणे १ पर्यंत पोहोचूच शकत नाही. समजा, तापमानानेच सर्व काही ठरले असते आणि २३ उड्डाणांपैकी नेमकी सर्वांत थंड सात उड्डाणे बाधित झाली असती. यापेक्षा परिपूर्ण संबंध कल्पनेतही येत नाही. तरीही या तापमानांवर गुणांक उणे ०.७७ एवढाच येतो. मी तो काढून पाहिला. म्हणजे उणे ०.५६ हा आकडा एकच्या मापाने नव्हे, तर ०.७७ च्या मापाने वाचायचा आहे. ज्याला हे ठाऊक नाही तो "मध्यम" हा शब्द वाचून निश्चिंत होईल. यंत्रसामग्रीच्या बिघाडाच्या नोंदी बहुधा अशाच होय-नाही स्वरूपाच्या असतात आणि बिघाड जितका विरळ तितकी ही कमाल मर्यादा आणखी खाली येते. बिघाड जितका दुर्मीळ आणि घातक, तितका त्याचा गुणांक लहान दिसण्याची शक्यता अधिक, ही गोष्ट अभियंत्याने मनात कोरून ठेवावी अशी आहे.

याहून मोठा धडा पट्ट्याचा आहे. सर्वांत थंड चार उड्डाणे बाजूला काढा आणि ६६ अंशांवरील १९ उड्डाणांचा गुणांक काढा : तो उणे ०.०४ येतो. अर्थात काहीही संबंध नाही. उबदार दिवसांत रबराकडे फुगायला पुरेशी ताकद असते आणि जे तीन बिघाड झाले ते तापमानामुळे नव्हे, तर अन्य कारणांनी झाले असावेत. तापमानाचा परिणाम एका मर्यादेखालीच जाणवतो. सहसंबंध गुणांक मात्र संपूर्ण पट्ट्यावर एकच सरळ रेषा गृहीत धरतो आणि ती रेषा कितपत जुळते एवढेच सांगतो. ती रेषा खरोखरच ओढून पाहिली तर ८१ अंशांना बिघाडाची शक्यता उणे १२ टक्के आणि ३१ अंशांना १७५ टक्के येते. शक्यता शून्याखाली किंवा शंभरावर जाऊ शकत नाही. ज्या रेषेवरून गुणांकाला अर्थ मिळतो ती रेषाच या प्रश्नाला लागू नाही.

एकत्र मिसळलेले गट

त्या रात्रीच्या एका तक्त्यात जमिनीवर आडव्या ठेवून चालवलेल्या चार चाचणी-मोटारींच्या (म्हणजे चाचणीच्या बूस्टरच्या) नोंदीही होत्या. त्यांचे तापमान ४७ ते ५२ अंश होते आणि त्यांत वायूगळती नव्हती. वरवर पाहता हा थंडीचा दोष नाही असे सांगणारा भक्कम पुरावा आहे : उड्डाणांपेक्षाही थंड चार नमुने आणि चारही निर्दोष. या चार नोंदी निर्दोष धरून २३ उड्डाणांत मिसळल्या तर गुणांक उणे ०.५६ वरून उणे ०.१८ वर घसरतो. पण चाचणी-मोटारींमध्ये गरम वायू रिंगपर्यंत येऊ नये म्हणून सांध्यात भरलेल्या पुट्टीत राहिलेली छिद्रे हाताने बुजवता येत असत, उभ्या केलेल्या बूस्टरमध्ये ते शक्य नव्हते. ज्या वाटेने वायू रिंगपर्यंत पोहोचतो तीच वाट एका गटात बंद केलेली होती. दोन वेगळ्या लोकसंख्यांची सरमिसळ झाली की गुणांक दोन्हींपैकी कोणाचेच वर्णन करत नाही, आणि तो आकडा स्वतःहून कधीही सांगत नाही की आपण मिश्रण आहोत.

पुट्टीवरूनच दुसरा गुंता निघतो. रिंग नीट बसली आहे का हे पाहण्यासाठी दोन रिंगांमधल्या जागेत हवेचा दाब देऊन गळती तपासली जात असे. सुरुवातीच्या नऊ उड्डाणांत हा दाब दर चौरस इंचाला ५० किंवा १०० पौंड होता. १९८४ च्या फेब्रुवारीतील दहाव्या उड्डाणापासून तो २०० पौंड केला गेला. वाढीव दाबाने पुट्टीत छिद्रे पडण्याचा धोका वाढला आणि त्या छिद्रांतून गरम वायूचा झोत रिंगच्या एका बिंदूवर येऊ लागला. नोंदी उपलब्ध असलेल्या पहिल्या आठ उड्डाणांपैकी एक बाधित आहे, पुढील पंधरांपैकी सहा. शिवाय पहिल्या आठांची सर्व तापमाने ६६ ते ७३ अंशांच्या अरुंद पट्ट्यात आहेत आणि चारही थंड उड्डाणे दाब वाढवल्यानंतरची आहेत. म्हणजे ज्याला तापमानाला दोष द्यायचा नसेल त्याला दाबाकडे बोट दाखवता येईल आणि साधा गुणांक त्याला अडवू शकणार नाही.

येथे गट वेगळे करून पाहिले की चित्र स्पष्ट होते. २०० पौंड दाबाच्या पंधरा उड्डाणांपुरता गुणांक काढला तर तो उणे ०.६८ येतो, एकत्रित आकड्यापेक्षा अधिक प्रबळ. आधीच्या आठांचा गुणांक अधिक ०.११ आहे, पण सात अंशांच्या पट्ट्यातील एकुलत्या बिघाडावर उभा असलेला तो आकडा काहीच सांगत नाही. दाब वाढल्यामुळे सांधा एकूणच अधिक नाजूक झाला आणि त्या नाजूक सांध्यावर थंडी अधिक उघडपणे परिणाम करू लागली, असे हे दोन घटक एकमेकांवर उभे आहेत. एकच आकडा हे नाते दाखवू शकत नाही.

नोंदीतली गुणवत्ताही येथे हरवते. ५३ अंशांच्या उड्डाणात दोन रिंगांमध्ये सापडलेले ग्रीस काळेकुट्ट झाले होते. ७५ अंशांच्या उड्डाणात ते करड्या रंगाचे होते. प्रत्यक्ष रिंग हातात घेऊन पाहिलेल्या अभियंत्यांना या दोन खुणांतला फरक जाणवला होता. तक्त्यात मात्र दोन्ही "वायूगळती" या एकाच शब्दात बसल्या आणि ७५ अंशांची नोंद ५३ अंशांच्या नोंदीला रद्द करणारी ठरली. दुसऱ्या बाजूला तापमान हा चलही वाटतो तितका स्वच्छ नाही. चॅलेंजरच्या उड्डाणाच्या वेळी हवा ३६ अंशांची होती. आयोगाच्या गणनेनुसार ज्या सांध्यातून धूर निघाला त्याच्या सावलीतील भागाचे तापमान २८ अंशांच्या आसपास, तर सूर्याकडील बाजूचे सुमारे ५० अंश होते. एकाच सांध्याच्या परिघावर २२ अंशांचा फरक असताना "सांध्याचे तापमान" या एका आकड्याशी सहसंबंध जोडणे म्हणजे गळतीची जागा सोडून सरासरीला प्रश्न विचारणे होय.

दुसऱ्या रिंगचा भरवसा

उड्डाणाच्या बाजूने आणखी एक आधार होता : प्राथमिक रिंग चुकली तरी दुय्यम आहे. राखीव भागाच्या या हिशेबात सहसंबंधाची मर्यादा सर्वांत घातक ठरते, म्हणून येथे थोडे थांबतो.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. दोन रिंगांपैकी प्रत्येकीच्या अपयशाची शक्यता शंभरात एक आहे. त्या पूर्णपणे स्वतंत्र असतील तर दोन्ही एकाच वेळी अपयशी होण्याची शक्यता दहा हजारांत एक. आता त्यांच्या अपयशांमध्ये केवळ ०.१ एवढा सहसंबंध आहे असे समजा. बहुतेक अहवालांत हा आकडा "नगण्य" या शेऱ्यासह सोडून दिला जाईल, कारण त्याचा वर्ग एक टक्का आहे. पण दोन्ही एकत्र अपयशी होण्याची शक्यता आता दहा हजारांत सुमारे अकरा होते. नगण्य म्हटलेल्या आकड्याने संरक्षण अकरा पटींनी कमी केले. शिवाय हा ०.१ कोणत्याही उड्डाणाच्या नोंदींतून मोजता आला नसता, कारण चॅलेंजरपूर्वी एकाही उड्डाणात सांध्यातील दोन्ही रिंग एकत्र अपयशी झाल्या नव्हत्या. जे कधी घडलेच नाही त्याचा सहसंबंध नोंदींतून निघत नाही. तो कारणांच्या समजेतून ठरवावा लागतो.

आणि कारणे तर कागदावर होती. प्रज्वलनाच्या वेळी सांधा फुगून उघडतो तेव्हा दुय्यम रिंगचीही बैठक सुटू शकते हे लक्षात आल्यावर डिसेंबर १९८२ मध्ये नासाने या सांध्याच्या वर्गीकरणातून "राखीव भाग आहे" हा दर्जा काढून टाकला होता. थंडी दोन्ही रिंगांना सारखीच कडक करते, फुगणारे कवच दोघींखालची फट एकाच वेळी वाढवते. एकाच कारणाने दोघींवर घाला पडतो तेथे संकटाच्या टोकाला त्यांचे अवलंबित्व साध्या दिवसांतल्या अवलंबित्वापेक्षा फार वेगळे असते. नेहमीचा गुणांक मात्र साध्या दिवसांच्या गर्दीवरच पोसलेला असतो.

बावीस अंशांची पोकळी

मग योग्य साधन कोणते? होय-नाही स्वरूपाच्या नोंदींसाठी लॉजिस्टिक रिग्रेशन (अशा नोंदींवरून शून्य ते शंभर टक्क्यांमधील शक्यता काढण्याची पद्धत) हे सरळ उत्तर आहे. २३ उड्डाणांवर ते बसवले तर तापमान एका अंशाने उतरले की बिघाडाचा संभव आणि असंभव यांचे गुणोत्तर सुमारे सव्वापटीने वाढते, दहा अंश उतरले की जवळपास दहापट. उड्डाणात किमान एक खूण आढळण्याची शक्यता ७५ अंशांना सुमारे ९ टक्के, ७० अंशांना २३, ६५ अंशांना ४९ आणि ५३ अंशांना ९४ टक्के येते. हे आकडे निर्णय घेणाऱ्याशी बोलतात, उणे ०.५६ बोलत नाही. "उद्या सकाळी काय होईल" या प्रश्नाला सशर्त शक्यता हेच उत्तराचे रूप आहे आणि विश्वासार्हतेचा प्रत्येक प्रश्न शेवटी याच प्रकारचा असतो.

तरी याही साधनाला मी अमर्याद मान देणार नाही. ३१ अंशांना हे समीकरण ९९.९ टक्क्यांहून अधिक शक्यता देते, पण ३१ आणि सर्वांत थंड नोंद यांच्यामध्ये २२ अंशांची पोकळी आहे, आणि एकूण अनुभवाची रुंदीच २८ अंशांची. त्या पोकळीत वक्र कसा वळतो हे २३ बिंदू सांगू शकत नाहीत. शिवाय खूण आढळणे आणि सांधा फुटणे यांत अंतर आहे. तीन संख्याशास्त्रज्ञांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या विश्लेषणात हे टप्पे वेगळे मोजून सांध्याच्या विनाशकारी अपयशाची शक्यता ३१ अंशांना किमान १३ टक्के काढली. ६० अंशांपर्यंत थांबले असते तर ती २ टक्क्यांच्या आसपास आली असती. तेरा टक्के म्हणजे आठात एक. मानवी उड्डाण थांबवायला एवढा आकडा पुरेसा होता, आणि तो उड्डाणापूर्वीच्या नोंदींतूनच निघाला हे विशेष.

पोकळी भरण्याचे खरे काम मात्र प्रयोगशाळेचे होते आणि ते अंशतः झालेही होते. थायोकॉलने दाबलेली रिंग सोडून दिल्यावर ती पृष्ठभागाला किती वेळात पुन्हा टेकते हे मोजले होते. १०० अंशांना तिचा संपर्क सुटलाच नाही, ७५ अंशांना तो २.४ सेकंद सुटला, आणि ५० अंशांना दहा मिनिटे वाट पाहूनही रिंग परत टेकली नाही. आयोगाच्या चाचण्यांनीही दाखवले की ७५ अंशांची रिंग ३० अंशांच्या रिंगपेक्षा पाचपट वेगाने मूळ आकारात येते. जिथे पहिल्या सेकंदाच्या आत फट भरून निघायला हवी, तिथे ५० अंशांची ही एकच चाचणी २३ उड्डाणांच्या कोणत्याही गुणांकापेक्षा अधिक वजनदार आहे, कारण ती बिघाडाच्या यंत्रणेलाच स्पर्श करते. माझ्या मते बॉइजॉलीला आकडा मागणाऱ्यांनी चुकीचा आकडा मागितला. उड्डाणांच्या नोंदींतून संबंध सिद्ध करा असे म्हणण्याऐवजी ३० अंशांना रिंग किती वेळात टेकते ते दाखवा, असे विचारायला हवे होते, आणि ते ठाऊक नसेल तर उड्डाण थांबवायला हवे होते. सुरक्षिततेच्या निर्णयात सिद्धतेचा भार धोका नाही असे म्हणणाऱ्यावर असतो. त्या रात्री तो उलटा झाला, आणि सातच बिंदूंच्या विस्कळीत चित्राने तो उलटा होण्यास मदत केली.

सुधारलेला सांधा

२९ सप्टेंबर १९८८ रोजी शटल पुन्हा उडाले तेव्हा सांधा बदललेला होता. कवच फुगल्यावर दोन भाग एकमेकांपासून दूर सरकू नयेत म्हणून पोलादाचा एक अडकवणारा ओठ जोडला गेला, तिसरी ओ-रिंग आली आणि सांध्याभोवती विजेवर चालणारे हीटर बसवले गेले, जेणेकरून बाहेर कितीही थंडी असली तरी सांधा ७५ अंशांच्या आसपास राहील.

या बदलानंतर २०११ मध्ये शटल निवृत्त होईपर्यंतच्या उड्डाणांवर हवेचे तापमान आणि रिंगची स्थिती यांचा सहसंबंध कोणी काढला, तर तो शून्याजवळच यायला हवा. बाहेरची थंडी आता रिंगपर्यंत पोहोचत नव्हती आणि सांध्याचे तापमान जवळपास बदलतच नव्हते. व्हायटन मात्र आजही थंडीत तितकाच कडक होतो. हीटर बंद पडला असता तर ते अवलंबित्व पूर्ण ताकदीने परत आले असते, आणि बदलानंतरच्या त्याआधीच्या सर्व उड्डाणांच्या नोंदींत त्याची पूर्वसूचना देणारा एकही बिंदू नसता.